घर तारण ठेवून परदेशी बिझनेस स्कूलला जावं का? (जर्मनी की इंग्लंड)

कृष्णाकाठ

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, पण सगळं मांडल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

मी मूळची मिरजेची, वय २६. बीकॉम झाल्यावर साडेतीन वर्षं पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. हातात ३८ हजार येतात. पुढे मॅनेजमेंट शिकायचं हे पहिल्यापासून डोक्यात होतं. यंदा, म्हणजे २०२६ च्या सत्रासाठी, दोन प्रवेशपत्रं आली आहेत. एक इंग्लंडमधलं, लंडनबाहेरच्या विद्यापीठाचं. कोर्स एक वर्षाचा, फी ३१,५०० पौंड. दुसरं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचं. कोर्स दोन वर्षांचा, शिकवणं इंग्रजीतून.

माझी शिल्लक ७ लाख आहे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. भाऊ बारावीत आहे. मिरजेत स्वतःचं घर आहे, बाबांनी वीस वर्षांत एकेक खोली करत बांधलेलं. बाकीच्या पैशांसाठी कर्ज लागणार आणि बँक तारण मागतेय. बाबा म्हणतात, "घर काय डोक्यावर घेऊन फिरायचंय? ठेव तारण." ते इतकं सहज म्हणाले, तेव्हापासून मला झोप नाही.

कन्सल्टंट इंग्लंडचा आग्रह धरतोय. "एका वर्षात मोकळी, दुसऱ्या वर्षी पगार सुरू." तुम्ही काय कराल?

पासबुक

अभिनंदन! दोन देशांतून प्रवेश मिळवणं सोपं नाही.

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं नाशिकला कर्ज विभागातच होतो, त्यामुळे त्याच बाजूने बोलतो. देश कुठला हा प्रश्न नंतरचा. आधी कागद घे आणि एक आकडा काढ: काहीच मनासारखं झालं नाही आणि तू पुण्यात परत आलीस, तर इथल्या पगारातून हप्ता फिटेल का? माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे विचारायचो. बहुतेकांनी हप्ता पौंडातल्या पगारातून फेडायचं गणित मांडलेलं असायचं. रुपयातलं कुणीच केलेलं नसायचं.

इंग्लंडचं मांडू. फी ३१,५००. लंडनबाहेर राहण्यासाठी व्हिसाला महिना १,१७१ पौंड असे नऊ महिन्यांचे दाखवावे लागतात, पण खर्च बारा महिन्यांचा धर. शिवाय व्हिसा फी, आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, विमान, सुरुवातीची खरेदी. एकूण ४६ हजार पौंडांच्या आत येत नाही. पौंड ११८ रुपये धरला तर साधारण ५४ लाख. तुझे ७ आणि बाबांनी ४ दिले तरी कर्ज ४२-४३ लाखांचं होतं. दर १० टक्के धरू. कोर्सचं एक वर्ष आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं, हे लोक विसरतात. हप्ता सुरू होताना ४२ चे ५०.४ लाख झालेले असतात. दहा वर्षांच्या मुदतीने महिना ६६,६००. तुझा आजचा पगार ३८ हजार आहे.

जर्मनीचं मला नीट माहीत नाही. तिथे राहणाऱ्या कुणीतरी सांगावं, मग त्याचाही हप्ता काढून देतो.

सह्यकडा

पासबुक काकांच्या एकेका ओळीला +१. मी इंग्लंडमध्ये मॅनेजमेंटचं मास्टर्स केलंय, २०२३ मध्ये संपलं. गेल्या वर्षी परत आलो.

शिक्षणाबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगतो. प्राध्यापक उत्तम होते, तीस देशांची मुलं एका वर्गात होती, ग्रुपमध्ये काम करायला आणि मुद्दा मांडायला तिथे शिकलो. भाषेची अडचण नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच दुकानात अर्धवेळ काम मिळालं. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते.

अडचण नंतरची आहे. एक वर्षाचा कोर्स म्हणजे सप्टेंबरला पोचायचं आणि ऑक्टोबरपासूनच पुढच्या नोकरीचे अर्ज भरायला लागायचं, कारण मोठ्या कंपन्यांच्या भरतीच्या तारखा तेव्हाच असतात. आपण तेव्हा खोली शोधत असतो, बँक खात्यासाठी रांगेत असतो. मला हे जानेवारीत कळलं. कोर्सनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा माझ्या वेळी दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तो अठरा महिन्यांचाच मिळणार आहे, म्हणजे कृष्णाकाठ, तुला अठराच. त्यानंतर राहायचं तर कंपनीने स्पॉन्सर करायला हवं. त्यासाठी पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नव्याने पदवी घेतलेल्यांना ३३,४०० पर्यंत सवलत. मी मुलाखती दिलेल्या तीन कंपन्यांनी शेवटच्या फेरीत हेच विचारलं, स्पॉन्सरशिप लागेल का. हो म्हटलं की विषय संपायचा.

आणखी एक. माझ्या कन्सल्टंटला विद्यापीठाकडून प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन मिळत होतं, हे मला तिथे गेल्यावर समजलं. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांकडून असं कमिशन मिळत नाही. तुझ्या कन्सल्टंटला सरळ विचार की त्याला पैसे कोण देतं. त्याच्या उत्तरावरून आग्रहाचं कारण कळेल.

अबोली_चिपळूण

मुली, मला आकडे कळत नाहीत. माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला, म्हणून एका आईच्या बाजूचं सांगते.

पहिले सहा महिने तो रोज फोनवर "मस्त चाललंय" म्हणायचा. मी विचारायची जेवलास का, तो म्हणायचा हो. नंतर एकदा सुट्टीत आला तेव्हा बोलता बोलता कळलं की महिनाअखेरीला तो ब्रेड आणि अंड्यांवर दिवस काढायचा, कारण घरी पैसे मागायचे तर आम्ही आधीच कर्ज काढलेलं. मला कळलं असतं तर मी काहीही करून पाठवले असते. पण त्याने सांगितलंच नाही.

तू जा. मुलींनी तर जायलाच हवं. पण घरी खोटं "मस्त" सांगू नको. आणि बाबांना नुसतं "घर ठेव" म्हणू देऊ नको. त्यांना सगळा हिशेब समोर बसून वाचायला लाव. वीस वर्षं रात्रीची गाडी चालवलेल्या माणसाला आकडे कळतात.

नेकारकाठ

उशीर झाला, कामावरून आत्ता आलोय. मी मानहाइमला शिकलो, आता वालडॉर्फजवळ नोकरी करतो. तुझं राज्यच माझं राज्य, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे तुझ्या राज्यात खरं नाही. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो फी आहे. चार सत्रांचे ६ हजार. इंग्लंडशी तुलना केली तर फार नाही, पण हिशेबात धर. तीन वर्षांची पदवी सगळी विद्यापीठं मान्य करत नाहीत. तुझी मान्य झाली, म्हणजे तो दरवाजा उघडला.

खरा खर्च राहण्याचा. व्हिसाआधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो एकरकमी भरावे लागतात, इथे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. पासबुक काका, तुमच्यासाठी मुद्दा असा की इथे मोठी रक्कम विद्यापीठाच्या नावाने जातच नाही. बऱ्याच शाखांना फीच्या पावतीवर कर्ज सोडायची सवय असते, राहण्याच्या खर्चासाठी एकदम बारा-साडेबारा लाख सोडायचे म्हटलं की फाइल अडते. माझी पाच आठवडे अडली होती. मंजुरीपत्रातच हे लिहून घ्यायला हवं.

त्याआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या पदवीचे कागद खरे असल्याचं जर्मन दूतावासाच्या केंद्राकडून मिळणारं प्रमाणपत्र. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे, फी १८ हजार रुपये. कृष्णाकाठ, काढलंयस ना? नसेल तर बाकी सगळं सोड आणि आज अर्ज कर.

९९२ मध्ये भागतं का? मानहाइममध्ये विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली तर भागतं. न मिळाली तर ओढाताण होते. आरोग्य विमा महिना दीडशेच्या आसपास जातो. वसतिगृहाची यादी लांब असते, म्हणून प्रवेशपत्र हातात आल्या दिवशीच नाव घालायचं. बाहेर फ्लॅट बघशील तर लक्षात ठेव, इथे रिकामा फ्लॅट म्हणजे कित्येकदा स्वयंपाकघरही रिकामं. ओटा, सिंक काहीच नाही, आधीचा भाडेकरू सगळं उचलून नेतो. म्हणून दोघातिघांनी मिळून घेतलेल्या घरात एक खोली घेणं बरं. खोली न दाखवता आधी डिपॉझिट मागणारा बहुतेकदा फसवणारा असतो. आणि घरमालकाकडून राहत असल्याचा सहीचा कागद मिळतो का, हे आधी विचार. तो नसेल तर पालिकेत पत्त्याची नोंद होत नाही, आणि नोंद नसेल तर पुढची कामं खोळंबतात.

मानहाइमबद्दल थोडं, कारण मला ते गाव फार आवडतं. गावाच्या मध्यभागी रस्त्यांना नावं नाहीत, चौकोनांना आहेत. पत्ता असा असतो: सी ४, घर नंबर १२. विद्यापीठ जुन्या राजवाड्यात भरतं. पलीकडे ऱ्हाइन ओलांडली की लुडविग्सहाफेन आणि बीएएसएफ या रसायन कंपनीचा अवाढव्य कारखाना. पहिल्या हिवाळ्यात संध्याकाळी साडेचारला अंधार पडायचा, तेव्हा मी नेकार नदीच्या काठाने चालत घरी जायचो आणि मिसळ आठवायची. तुझं नाव वाचून लिहावंसं वाटलं. नदीकाठच्या माणसाला नदीचं गाव लवकर आपलंसं वाटतं.

आता भाषा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरी जर्मनमध्ये असते. संगणकवाल्यांना इंग्रजीवर काम मिळू शकतं, पण मॅनेजमेंट, अकाउंट्स, विक्री, मनुष्यबळ यांत बिलं जर्मनमध्ये, कर जर्मनमध्ये, समोरचा ग्राहक जर्मन. तू पुण्यात जे महिन्याचे रिपोर्ट करतेस त्याला इथे कंट्रोलिंग म्हणतात, आणि त्या कामाला माणसं लागतात. तुझा साडेतीन वर्षांचा अनुभव इथे सोन्यासारखा आहे, सॅपवर (कंपन्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर) हात बसला असेल तर आणखीच. पण बी २ जर्मन (ए १ ते सी २ या सहा पायऱ्यांतली चौथी) नसेल तर तो अनुभव कुणी बघतच नाही. माझ्या वर्गात आम्ही सात भारतीय होतो. दोघं बी १ करून आले होते, त्यांना दुसऱ्या सत्रात कंपनीत विद्यार्थी-नोकरी मिळाली. आम्ही बाकीचे गोदामात पार्सलं भरत होतो. मीही त्यातलाच. कोर्स संपल्यावर मी एक वर्ष फक्त भाषेला दिलं, तेव्हा कुठे नोकरी लागली. ते वर्ष पुण्यात दिलं असतं तर निम्म्याहून कमी खर्चात झालं असतं.

कृष्णाकाठ

काय लिहू, इतका वेळ काढून तुम्ही सगळे लिहिताय. एपीएस जानेवारीतच आलंय.

नेकारकाठ दादा, माझी ए १ झाली आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. ए २ चालू आहे. ऑक्टोबरपर्यंत बी १ होईल का? आणि तिथे काम करून किती मिळतं?

काका, जर्मनीचा हप्ता काढाल का?

पासबुक

काढला. युरो १०५ धरला. दोन वर्षं राहण्याचे २५ लाख, फी ६.३ लाख, तिकीट-व्हिसा-कागदपत्रं असा एखादा लाख. साडेबत्तीस लाख. फुकट नाहीच.

पण यात मोठा फरक असा की सगळं पहिल्या दिवशी लागत नाही. कर्ज १५ लाखांचं मंजूर करून घे आणि दोन टप्प्यांत उचल. व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं. साडेसात आधी, साडेसात वर्षाने. कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत ते पावणेएकोणीस लाख होतील. दहा वर्षांचा हप्ता २४,८०० च्या आसपास. परत येऊन पुण्यात ४५ हजारांवर लागलीस तरी ओढून-ताणून फिटतो. शिकत असताना व्याज भरत राहिलीस तर बऱ्याच बँका दरात एक टक्का सवलत देतात, तेही विचार.

कर्ज १५, तुझे ७, बाबांचे ४, म्हणजे २६. राहिले साडेसहा लाख, म्हणजे ६,२०० युरो. ते दोन वर्षांत कमावता येतील का, हे नेकारकाठने सांगावं.

घराबद्दल. साडेसात लाखांवरच्या कर्जाला सरकारी बँक तारण मागणारच. पण तारण म्हणजे घरच असं नाही. मुदतठेव चालते, विम्याच्या पॉलिसीचं समर्पण मूल्य चालतं. बाबांच्या निवृत्तीच्या पैशांची ठेव असेल तर ती तारण ठेवता येईल, तिचं व्याज बाबांना मिळत राहील आणि घरावर बोजा चढणार नाही. ते त्यांचं म्हातारपण आहे हे मात्र विसरू नको. म्हणूनच हप्ता पुण्याच्या पगारातून फिटण्याएवढाच असावा असं मी पहिल्यापासून म्हणतोय. घर तारण ठेवलं की भाऊ शिकायला निघेल तेव्हा त्याच्यासाठी काहीच उरत नाही.

करबचतीचं एक: शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं प्राप्तिकरात सूट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. आणि परदेशी पाठवायच्या रकमेवर बँक आगाऊ घेते तो कर, टीसीएस, १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत लागत नाही, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर तर लागतच नाही.

नेकारकाठ

६,२०० युरो जमतात. यंदापासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. साडेचारशे तास झाले, दोन वर्षांत आठवड्याला पाच तासही नाहीत. परवानगी वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची आहे. पण पहिल्या सत्रात काम धरू नको, अभ्यासाची पद्धत समजायलाच सहा महिने जातात. इथे सत्रभर फारसं काही नसतं आणि शेवटच्या एका परीक्षेवर सगळं अवलंबून असतं.

ऑक्टोबरपर्यंत बी १? नोकरी सांभाळून कठीण. बी १ इथे येऊन पूर्ण कर, पण ए २ पुण्यातच पक्की कर. आणि आल्यावर आपल्या माणसांत फार राहू नको. मराठी मंडळी गणपतीला, दिवाळीला हवीतच, तो आधार मोठा असतो. पण खोली जर्मन मुलींबरोबर घे. स्वयंपाकघरात भांडी कुणी घासायची यावरून जेवढी जर्मन शिकलो तेवढी वर्गात नाही शिकलो.

कोर्सनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, आणि तेवढ्या काळात कुठलंही काम करता येतं. ब्लू कार्डाला (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) यंदा वर्षाला ५०,७०० युरो पगार लागतो, नुकती पदवी घेतलेल्यांना साधारण ४५,९३४. इथली पदवी असेल तर दोन वर्षं नोकरी केल्यावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

आणि परत यावंसं वाटलं तरी हात रिकामे नसतात. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग यांचा २०१५ पासून भागीदारीचा करार आहे, मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. चाकणला, पिंपरीला किती जर्मन कंपन्या आहेत हे तुला माझ्याहून चांगलं माहीत. अकाउंट्स येणारी आणि जर्मनमध्ये मुख्यालयाशी बोलू शकणारी माणसं तिथे मोजकीच असतात.

वैनगंगा

शिष्यवृत्तीचा विषय कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. मी भंडाऱ्याचा. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची आहे. प्रत्येकीत जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट असते, मुदत फार कमी दिवसांची असते. धागा वाचणाऱ्या बाकीच्यांनीही जाहिरातीवर लक्ष ठेवावं. जर्मनीत पोचल्यावर डॉइचलांडस्टिपेंडियम या शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो, महिना ३०० युरो, कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला.

पैसे संपल्यामुळे मधेच परत यावं लागलं तर काय, ही भीती मलाही होती. तेव्हा मी बाबासाहेबांचं आठवायचो. १९१३ ला ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, महिना साडेअकरा पौंड. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ ला शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनम कॉलेजात, म्हणजे वाणिज्याच्याच कॉलेजात, शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली आणि १९२० ला परत लंडनला जाऊन शिक्षण पुरं केलं. ताई, मधे परत यावं लागणं म्हणजे शेवट नाही. पण आपल्याला आधीच हिशेब करता येतोय तर करावा.

माणदेशी_पोर

वाचनखूण साठवली. माझ्या बहिणीला धागा पाठवतोय.

सह्यकडा

कृष्णाकाठ, जर्मनीतल्या विद्यापीठाला प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का विचारून बघ. बहुतेक ठिकाणी पुन्हा अर्ज करावा लागतो, पण विचारायला काही जात नाही. मी थांबलो असतो तर बरं झालं असतं, हे आता हप्ता भरताना दर पाच तारखेला वाटतं.

कृष्णाकाठ

दहा दिवसांनी येतेय, माफ करा.

शनिवारी मिरजेला गेले. अबोली मावशींनी सांगितलं तसं बाबांसमोर वही ठेवली आणि काकांचे दोन्ही हिशेब वाचून दाखवले. बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी इंग्लंडच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "हे सहासष्ट हजार दर महिन्याला? दहा वर्षं?" आणि स्वतःच वही मिटली. जर्मनीचं पान आईने दोनदा वाचलं.

प्रवेश पुढे ढकलता येत नाही, विद्यापीठाचं उत्तर आलंय. म्हणून यंदाच जाते आहे. इंग्लंडच्या विद्यापीठाला नकार कळवला. कन्सल्टंटला कमिशनचं विचारलं, त्याने विषय बदलला.

सोमवारी बँकेत जाऊन आलो. बाबांची १० लाखांची मुदतठेव आणि दोन विमा पॉलिसी यांच्या तारणावर बँक १५ लाखांना तयार आहे, घराचे कागद मागितले नाहीत. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम एकरकमी सोडण्याचं मंजुरीपत्रात लिहून मागितलं, तेव्हा मॅनेजरांनी हेड ऑफिसला विचारतो म्हणून सांगितलं. शुक्रवारी परत बोलावलंय. काका, त्या पत्रात नेमके कुठले शब्द असायला हवेत ते लिहून द्याल का?

वसतिगृहाच्या यादीत नाव घातलंय. क्रमांक २१४. ऑफिसमध्ये जुलैअखेरपर्यंतचा राजीनामा दिलाय आणि ए २ ची संध्याकाळची बॅच सोडून सकाळची घेतली आहे, रोज साडेसातला.